नामंजूर पाणमांजर

दळवी काकांची आणि माझी ओळख झाली ती मी त्यांना नोटीस द्यायला गेले तेव्हा. मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी. सर्वसाधारण सभेत मी पाणी प्यायला उठले आणि तेवढ्यात हे पद माझ्या गळ्यात पडलं. कोपरखैरण्यातल्या आमच्या चार मजली बिल्डिंगमध्ये पार्किंग, गळकी टाकी आणि कबुतरं यांवरून रोज काही ना काही चालू असतंच. त्यात पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी लेखी तक्रार दिली, की खाली सोसायटीच्या ऑफिसात दर रविवारी सकाळी चौदा मुलं जमतात आणि पक्ष्यांचे आवाज काढतात. मुलं जमवणारा माणूस म्हणजे बी विंगमध्ये तळमजल्यावर एकटे राहणारे दळवी काका.

मी नोटीस टाइप करून घेऊन गेले. काकांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, कागद दोनदा वाचला, खिशातून पेन्सिल काढली आणि तारखेभोवती गोल केला. मी उद्याची तारीख घातली होती. "आणि खाली 'तयार केले' आहे, 'तपासले' कुठाय? न तपासलेला कागद मी घेत नाही," असं म्हणून त्यांनी नोटीस मला परत दिली. मला असा राग आला की सांगता सोय नाही, आणि चूक माझीच असल्यामुळे तो कुठे काढायची सोयही नव्हती. घरी जाऊन मी दुसरी प्रत काढली, नवऱ्याकडून तपासून त्याची सही घेतली. काकांनी तिच्या कोपऱ्यात 'रिव्हिजन १' असं लिहिलं, घेतली, आणि मला चहा विचारला.

पुढच्या रविवारी खालून आवाज नाही. मुलं आलीच नाहीत की काय म्हणून मी बघायला गेले, तर चौदाच्या चौदा मुलं जमिनीवर पोटावर पडून, दातांत जिभा धरून काहीतरी गिरवत होती. पक्षी बघताना खाडीच्या बांधावर गप्प बसावं लागतं, त्याचा सराव इथेच करून घेतोय, असं काका म्हणाले. नोटिशीवर एक शब्द नाही. त्यानंतर दर रविवारी चाव्या मोजायच्या निमित्ताने मी खाली जायला लागले, आणि आमच्या ऑफिसात चाव्या आहेत एकूण पाच.

काका गेल्या पावसाळ्यात गेले. त्यांचं चरित्र मला लिहिता येणार नाही, कारण मला ते ठाऊकच नाही. मूळचे सावंतवाडीकडचे, महाप्याच्या एका यंत्रांच्या कारखान्यात जन्मभर ड्राफ्ट्समन, बायको लवकर गेली, मुलगी नागपूरला, एवढंच. ड्राफ्ट्समन म्हणजे यंत्राच्या सुट्या भागांची मापात चित्रं काढणारा माणूस. ते काम कॉम्प्युटरवर गेलं आणि काका घरी आले, पण बोर्ड, टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपरचे रोल आणि सवयी घेऊन आले.

त्यांच्याकडे सचित्र मार्गदर्शिका होत्या तीन. दोन पक्ष्यांच्या आणि एक सस्तन प्राण्यांची. तिघींच्या पाठी कापडी टेपने बांधलेल्या. प्रत्येक चित्राखालच्या नावावर त्यांनी कागदाची पट्टी चिकटवली होती, एका बाजूने उचलता येईल अशी. मुलाने चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवायचा, बाहेरची रेघ काढायची आणि मग मापं घ्यायची. चोच डोक्याच्या किती पट, पाय अंगाच्या किती पट, शेपूट पंखांच्या बाहेर किती. रंग सगळ्यात शेवटी. आणि हे सगळं झाल्यावर पट्टी उचलून नाव वाचायचं. नाव आधी कळलं की डोळे सुट्टीवर जातात, असं त्यांचं म्हणणं. खोडरबर वर्गात आणायला बंदी होती. चुकलेली रेघ तशीच ठेवायची आणि शेजारी नवी काढायची.

बोलायचे ते सगळं कारखान्याच्या भाषेत, बाजूने दिसतं ते एलेव्हेशन, वरून दिसतो तो प्लॅन, कापून आतलं दाखवलं की सेक्शन. "पुस्तकातला पक्षी साइड एलेव्हेशनमध्ये उभा आहे. बाहेरचा पक्षी तुम्हाला साइड एलेव्हेशन देणार नाही. घार तर कायम प्लॅनमध्ये दिसणार, तोही खालून." सहावी-सातवीतली ती पोरं हे असं ऐकायची जसं काही त्यांना रोज घरी वरण-भाताबरोबर प्लॅन आणि एलेव्हेशन वाढतात. गंमत म्हणजे त्यांना ते कळायचंही. एका मुलीने शाळेत गणपतीचं चित्र काढलं आणि बाईंना विचारलं की सोंडेचं सेक्शन दाखवू का. बाईंनी आईला बोलावून घेतलं.

रविवारी अर्धा तास गिरवून झालं की काका मुलांना खाडीकडे न्यायचे. आमच्या सेक्टरच्या मागे पावसाचं पाणी साठवायला केलेला होल्डिंग पाँड आहे, त्याच्या पलीकडे बांध, बांधाच्या पलीकडे तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, आणि मग खाडी. त्यांच्या वर्गाची एक फजिती सगळ्यांना पाठ होती. पहिल्या वर्षी मुलांनी पुस्तकातून ढोकरी, म्हणजे पाणथळीतला छोटा बगळा, गिरवली. मापं चोख. पाठीवर सुंदर तांबूस-जांभळा रंग भरला. मग महिनोन्‌महिने वहीत नोंद यायची, ढोकरी दिसली नाही. आणि नाल्याच्या काठाला दहा-बारा मळकट ढोकऱ्या मान आखडून उभ्या असायच्या, मुलांच्या पायांशी. शेवटी एक उडाली, आतले पांढरे पंख दिसले, आणि काकांनी कपाळाला हात लावला. पुस्तकातलं चित्र विणीच्या हंगामातलं होतं. "त्यांनी लग्नातला फोटो छापलाय, आणि आपण घरातल्या बनियनवरच्या माणसाला ओळखलं नाही," असं ते मुलांना म्हणाले आणि स्वतःच इतके हसले की खोकला लागला. पुस्तकाला विचारायचं, पण पुस्तकाच्या भरवशावर राहायचं नाही, हे ते त्या दिवसापासून प्रत्येक नव्या मुलाला सांगायचे. त्यांनी हे सांगितलेलं मी स्वतः ऐकलं आहे, म्हणून पुढे जे झालं त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

कारखान्यातून त्यांनी आणखी एक वस्तू आणली होती, लाकडी मुठीचा शिक्का. त्यावर 'नामंजूर' अशी अक्षरं. मुलाने काही पाहिलं की त्याचं चित्र काढायचं, उजव्या कोपऱ्यात चौकट आखायची, त्यात पाहिले कोणी, कुठे, केव्हा हे लिहायचं, आणि शेवटची 'तपासले' ही जागा काकांच्या सहीसाठी मोकळी ठेवायची. चित्रात लांब तंगड्यांच्या शेकाट्या पक्ष्याचे पाय आखूड झाले की काका लाल शाईत शिक्का बुडवून ठप्प करायचे, मुलं ओरडायची, आणि तो पोरगा पुढच्या रविवारी सुधारलेलं चित्र घेऊन यायचा. शिक्का बसणं ही वर्गात मौजेची गोष्ट होती. निदान सगळ्यांचा तसा समज होता.

वर्गातली तेरा मुलं सोसायट्यांमधली. चौदावी तन्वी म्हात्रे, खाडीलगतच्या जुन्या गावातली. ती काकांना बांधावरच भेटली होती. यांची वरात दुर्बिणी घेऊन चाललेली बघून ती मागे मागे आली आणि पुढच्या रविवारी ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. अकरा वर्षांची, बोलायची कमी. ती आत चप्पल घालून यायची नाही आणि शेवटच्या रांगेत बसायची. पण तिला जे दिसायचं ते बाकीच्यांना दिसायचं नाही, कारण ती रोज तिथेच असायची.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी तन्वीने चित्र आणलं. लांब अंग, आखूड पाय, चपटं डोकं, मिशा, पाण्यातून अर्धं वर आलेलं. चौकटीत तिने स्वतःच्या अक्षरात सगळं लिहिलं होतं, तिवरांच्या मागची खाडी, सकाळी, भरती चढताना. मुलांनी सस्तन प्राण्यांचं पुस्तक काढून पानं उलटली आणि पट्टी उचलली, पाणमांजर. वर्ग एकदम उठून उभाच राहिला. काकांनी पुस्तक हातात घेतलं. प्रत्येक प्राण्याच्या शेजारी देशाचा एक छोटा नकाशा असतो, प्राणी जिथे आढळतो तो भाग रंगवलेला. आमच्या बाजूचा किनारा पांढरा होता. काकांनी नकाशावर बोट ठेवून सगळ्यांना दाखवलं. म्हणाले, "इथे नाही. कुत्रं पोहत असेल." आणि शिक्का मारला, ठप्प.

मुलं नेहमीसारखी ओरडली. तन्वीने कागद घेतला, घडी केली आणि ती गेली. मी तिथे पाच चाव्या हातात घेऊन उभी होते. मलाही तेव्हा काही वाटलं नाही, हे कबूल करायला हवं.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिच्याच शाळेत जाणाऱ्या एका मुलीने सांगितलं की तिथे आता सगळे तिला पाणमांजर म्हणून हाक मारतात आणि मागून कुत्र्यासारखं भुंकतात. काका ऐकत होते. त्या दिवशी कुणाच्याच कागदावर शिक्का पडला नाही.

दोन दिवसांनी त्यांनी मला घरी बोलावलं. टेबलावर ते पुस्तक उघडं, शेजारी भिंग आणि मोजपट्टी. म्हणाले, बघा. मी भिंगातून पाहिलं. काड्यापेटीएवढा नकाशा, त्यात अख्खा देश. त्यांनी पेन्सिलीचं टोक किनाऱ्यावर हलकेच टेकवलं. त्या एका ठिपक्याखाली ठाण्यापासून अलिबागपर्यंतचा सगळा मुलूख झाकला गेला. "आपली खाडी या कागदावर काढताच येत नाही," ते म्हणाले. "ड्राफ्ट्समन आधी काय बघतो? स्केल. कागदावरचं बोटभर अंतर जमिनीवर किती, ते. कुठल्याही ड्रॉइंगचं स्केल बघितल्याशिवाय जन्मात एक माप घेतलं नाही मी. आणि त्या मुलीला नकाशा दाखवून खोटं पाडलं." त्यांना इतकं ओशाळलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्यांची फार दया आली.

माझ्या मते पुढचं सोपं होतं. उठायचं, तिच्या घरी जायचं, चुकलो म्हणायचं. पण काकांचा हिशेब वेगळा. नुसतं चुकलो म्हटलं तर ती म्हाताऱ्याची गोड बोलणी होतील. प्राणी स्वतः बघायचा, नोंद करायची, आणि मग सही केलेला कागद घेऊन जायचं. दुसऱ्या दिवसापासून ते पहाटे बांधावर जायला लागले. घडीचं स्टूल, दुर्बीण, कानटोपी, भरती-ओहोटीचं वेळापत्रक. गुडघे असे की बांधाच्या पायऱ्या उतरताना एक पायरी दोनदा उतरायचे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता, डॉक्टरांनी तारीख दिली होती, ती त्यांनी पुढे ढकलली. एका डोळ्यावर पट्टी बांधून बसलो आणि तेवढ्यात ते आलं तर काय करू, असं मलाच विचारलं.

दिवाळी गेली. थंडी पडली. काका रोज जायचे आणि रोज वहीत लिहायचे, दिसलं नाही. एकदा चिखलात पाय घसरून पडले, पंपहाऊसच्या वॉचमनने उचलून घरी आणलं. नागपूरच्या मुलीने मला फोन करून सांगितलं की बाबांना आवरा. मी त्यांना आवरायला गेले तर ते गुडघ्याला आयोडेक्स लावत दुसऱ्या दिवशीची भरतीची वेळ बघत होते. हट्ट म्हणजे काय, हे मला आमच्या सोसायटीच्या सभांमधून चांगलं माहीत आहे. तिथे माणसं पार्किंगच्या पट्ट्यासाठी हट्ट करतात. काकांचा हट्ट एका पोरीचा शब्द खरा करायचा होता, म्हणून त्यांच्यावर रागावणंही जड जायचं.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले. वहीत 'दिसलं नाही'ची आणखी पानं भरली होती. मी वैतागले. म्हटलं, "काका, माफी मागायला पाणमांजर कशाला लागतं? ती पोरगी अडीच महिने वर्गाला आलेली नाही." त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, उद्या माझ्याबरोबर याल का? मला एकट्याला धीर होत नाही.

तन्वीचं घर गावाच्या टोकाला. पुढे भाड्याच्या खोल्यांची दुमजली नवी इमारत, मागे जुनी पडवी, आणि पडवीत तिचे आजोबा पाग विणत बसलेले. पाग म्हणजे हाताने फेकायचं जाळं. आता खाडीत मासा राहिला नाही, पण त्यांचे हात रिकामे राहत नव्हते. आम्ही कोण ते सांगितलं. ते म्हणाले, बसा. तन्वी आतल्या दारात उभी राहिली, बाहेर आली नाही.

काका पुस्तक घेऊन गेले होते. त्यांनी पाणमांजरांचं पान उघडून आजोबांसमोर ठेवलं. आपल्या देशात तीन जातीची पाणमांजरं आहेत, तिन्ही त्या एका पानावर आहेत, आणि तिघांच्या नावांवर पट्ट्या होत्या. आजोबांना तसंही वाचता येत नव्हतं. त्यांनी पाग बाजूला ठेवला, पुस्तक हातभर लांब धरलं, आणि त्यातल्या एका चित्रावर जाळ्याची सुई टेकवली.

"ह्यो नाय. ह्याची शेपटी गोल हाय. आमचा त्यो ह्यो, खालून चपट्या शेपटीचा. एकटा कदी येत नाय, घरची सगली मानसं घेऊन येतो. जाल्यातला मासा खाऊन जायाचा, आनि जालं बी फाडायाचा." मग काकांकडे बघून म्हणाले, "पोरीनं सांगितला तुमाला. तुमी कुत्रा बोललात."

काकांनी सुईखालची पट्टी उचलली, नाव वाचलं, खाली बारीक अक्षरांत दिलेलं शेपटीचं वर्णन वाचलं, आणि पुस्तक मिटलं. मग दाराकडे वळले. "तन्वी, चूक माझी. त्या नकाशाचं स्केल मी बघितलं नाही. तुझं चित्र बरोबर आहे."

ती दारातून एक पाऊल पुढे आली. मग म्हणाली, "तुमी शिक्का सगल्यांसमोर मारलेला."

"हो," काका म्हणाले. "मग हेही सगळ्यांसमोर करायला हवं. रविवारी येशील?"

ती हो म्हणाली नाही, पण रविवारी आली. शेवटच्या रांगेत बसली. काका उभे राहिले. एका मोठ्या कागदावर त्यांनी तो काड्यापेटीएवढा नकाशा काढून आणला होता, त्यावर आपल्या खाडीचा ठिपका, आणि कोपऱ्यातल्या चौकटीत 'वाचणारा' म्हणून स्वतःचं नाव. त्यांनी मुलांना काय चुकलं ते समजावून सांगितलं, वर्गात गणित शिकवावं तसं, आवाज न चढवता आणि स्वतःची बाजू न घेता. मग शिक्का शाईत बुडवून आपल्याच नावावर मारला. या वेळी कोणी ओरडलं नाही. तन्वीने घडी पडलेला कागद दिला, त्यावर काकांनी जुन्या शिक्क्याच्या शेजारी लिहिलं, रिव्हिजन एक, मंजूर. 'तपासले'च्या जागी तिच्या आजोबांचं नाव घातलं. आपली सही केली नाही. म्हणाले, मी अजून पाहिलेलं नाही, ज्यांनी पाहिलंय त्यांनी तपासलं. शाळेतलं भुंकणं त्या आठवड्यात थांबलं, कारण भुंकणाऱ्यांतले दोघे याच वर्गात बसत होते.

मला वाटलं, आता हे पहाटेचं प्रकरण संपेल. संपलं नाही. काका जातच राहिले, फरक एवढाच की आता तन्वी त्यांच्या सोबत असायची. शिमग्याच्या सुमारास मीही एकदा गेले. ती माझी त्यांच्याबरोबरची बांधावरची पहिली आणि शेवटची खेप. त्यानंतर मोतीबिंदूचं ऑपरेशन, त्यानंतर मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली, आणि तिकडेच ते गेले.

त्या सकाळी भरती चढत होती. काका स्टुलावर, तन्वी पुढे उकिडवी, मी मागे डास मारत. शेकाट्यांचा थवा उडून पलीकडे गेला. तन्वीने एकदम हात वर केला आणि उजवीकडे दाखवला. मी बघितलं तोवर तिवरांच्या मुळांशी पाणी हललेलं होतं आणि दोन-तीन वलयं पसरत होती. बाकी काही नाही. काकांनी दुर्बीण उचलली, पण ती नेमकी त्यांच्या खराब डोळ्याची बाजू. त्यांनी दुर्बीण इकडून तिकडे फिरवली आणि खाली ठेवली. मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, एवढे दिवस हा माणूस इथे बसला, आता तरी त्या पाणमांजराला पुन्हा वर आण. पाणी शांत झालं होतं.

काका तिला 'नक्की का?' म्हणतील, याची मला धास्ती होती. मी असते तर तेच विचारलं असतं. त्यांनी वही उघडली आणि पेन्सिलीचं टोक पुढे केलं.

"किती होती?"

"चार. एक बारकं व्हतं."

"बारकं चारांत धरू की वेगळं लिहू?"

तन्वीने विचार केला. "वेगलं लिवा," ती म्हणाली, आणि त्यांनी वेगळं लिहिलं.